छोट्या जहाजातून स्वालबार्ड: तारीख ठरवण्यापासून झोडियाकमधून उतरेपर्यंत सगळं

आर्क्टिक क्रूझ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बुकिंग करणाऱ्याला बऱ्याचदा ते पैसे भरून झाल्यावर कळतं. एक म्हणजे दोन-तीन हजार माणसांचं तरंगतं हॉटेल, स्विमिंग पूल, रात्री शो, आणि आर्क्टिक म्हणजे काय तर बाल्कनीतून दिसणारे लांबचे डोंगर आणि एखाद्या बंदरात चार तास. दुसरी म्हणजे बारा ते दीड-दोनशे माणसांचं जहाज, जे फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या अरुंद खाडीत, आत शिरून नांगर टाकतं, मग झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून तुम्हाला किनाऱ्यावर नेतात, दिवसातून दोनदा, आणि तिथं धक्का नसतो, जेटी नसते, माणूस पण नसतो. हा लेख दुसऱ्या प्रकारावर आहे, आणि त्यातही स्वालबार्डवर, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला उत्तरेकडचा एवढा रांगडा किनारा एवढ्या सोप्या विमानप्रवासात दुसरीकडं मिळणं अवघड आहे.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध असलेला द्वीपसमूह, ७४ ते ८१ अंश उत्तर. सगळ्यात मोठं बेट स्पिट्सबर्गन, मुख्य गाव लाँगइयरब्येन, ७८ अंशावर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. एवढ्या वर जहाज जाऊ शकतं याचं कारण समुद्रात आहे. अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह बेटाच्या पश्चिम बाजूनं वर सरकतो त्यामुळे पश्चिम किनारा उन्हाळ्यात मोकळा असतो, आणि पूर्वेकडून मात्र ध्रुवाकडचं थंड पाणी आणि बर्फ खाली येतं. हे डोक्यात ठेवा, कारण तुमची तारीख, रूट, जहाज सगळं यावरच ठरतं.

आधी तारीख ठरवा

बहुतेक जण आधी जहाज बघतात, मग स्वस्त डिपार्चर शोधतात. उलटं करा. मे अखेर ते सप्टेंबर एवढाच सीझन आहे पण या चार महिन्यांत चार वेगळ्या जागा बघितल्यासारखं वाटावं इतका फरक पडतो.

मे अखेर ते जूनमध्ये डोंगरावर बर्फ असतो, काही फ्योर्डच्या आतल्या टोकाला समुद्र अजून गोठलेला असतो, आणि फोटोत आपल्याला जसं आर्क्टिक हवं असतं तसं ते याच काळात दिसतं. पण किनाऱ्यावर चालताना गुडघाभर बर्फ लागू शकतो, आणि बेटाला पूर्ण फेरी मारायचा विचार सोडून द्या, पूर्व बाजू बंद असते. जुलैमध्ये बर्फ खालून वितळतो, टुंड्रावर बोटभर उंचीची फुलं येतात, समुद्राकडेचे उभे कडे पक्ष्यांनी भरलेले असतात. ज्यांना पक्षी आवडतात त्यांनी डोळे झाकून जुलै घ्यावा. जुलै अखेर ते ऑगस्ट हा पूर्ण प्रदक्षिणेचा काळ, नऊ-दहा रात्रींच्या ट्रिपा असतात, त्यात हिनलोपेन सामुद्रधुनी वगैरे मिळते, पण जमीन करडी-तपकिरी दिसते आणि समुद्रातला बर्फ बघायला जहाजाला कधीकधी खूप वर जावं लागतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लाँगइयरब्येनला सूर्य मावळतच नाही (साधारण २० एप्रिलपासून), त्यामुळे नॉर्दर्न लाइट्स बघायला जुलैत कोणी जात असेल तर त्याला आत्ताच सांगा. दिवसाढवळ्या दिसत नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं जूनचा शेवट ते जुलैचा मध्य धरावा. डोंगरावर बर्फ शिल्लक असतो, खाली चालता येतं, आणि पक्षी आलेले असतात.

मग जहाज, आणि जहाजात एकच आकडा

केबिनचे फोटो, लाउंज, सॉना, हे सगळं नंतर बघा. आधी बघायचं ते प्रवासी किती. २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही, आणि या भागात उतरायला ४३ ठिकाणं ठरवून दिली आहेत, बाकी किनारा झोडियाकमधून लांबूनच बघायचा. म्हणजे मोठं जहाज घेतलं तर ज्यासाठी एवढ्या लांब गेलात तेच बाहेर राहतं.

दोनशेच्या आतही फरक आहे. बारा प्रवाशांची छोटी जहाजं असतात, जुनी बांधणी, एकच जेवणाचं टेबल, एखादा वॉलरस दिसला तर कॅप्टन इंजिन बंद करून दोन तास थांबतो कारण कोणाला घाई नसते. महाग पडतात आणि समुद्र खवळला की जास्त हलतात. वीस-पन्नास माणसांची असतात, त्यात शिडाची पण असतात. आणि मग शंभराच्या आसपासवाली, ही सगळ्यात जास्त मिळतात आणि पहिल्या ट्रिपला बरी पडतात, डॉक्टर असतो, लेक्चर रूम असते, स्थिर असतात. एका झोडियाकमध्ये साधारण दहा माणसं बसतात, तर शंभर माणसं किनाऱ्यावर न्यायला दहा फेऱ्या, आणि तितक्याच परत. हा वेळ तुमच्याच लँडिंगमधून जातो. म्हणून बुकिंगच्या आधी कंपनीला ईमेल करून विचारा: सगळे प्रवासी एकाच वेळी झोडियाकमध्ये बाहेर पडू शकतात का की गट करून आळीपाळीनं, गाईड किती, गमबूट मिळतात का, पार्का (जाड, टोपीवालं जॅकेट) मिळतो का आणि तो परत द्यायचा असतो का, जहाजाला आइस क्लास (म्हणजे बर्फात चालायची श्रेणी) कोणता, लिफ्ट आहे का, ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, प्रवाशांना जाऊ देतात का. ब्रिज उघडा असणं ही फार मोठी चैन आहे, कॅप्टनच्या शेजारी उभं राहून दुर्बिणीतून बर्फ बघण्यासारखं सुख त्या लाउंजच्या सोफ्यावर नाही.

केबिन सगळ्यात खालच्या डेकची, पोर्टहोलवाली (छोट्या गोल खिडकीची) घेतली तरी चालते. कमी हलते, स्वस्त असते, आणि झोपायलाच जाता. बाल्कनीसाठी पैसे वाढवू नका, वेळ बाहेरच्या डेकवरच जाणार आहे. एकटे असाल तर सिंगल सप्लिमेंट धरून भाडं दीडपट-पावणेदोनपट लागतं, पण बऱ्याच कंपन्या अनोळखी माणसाबरोबर, स्त्रियांना स्त्रियांबरोबर, केबिन शेअर करायला देतात. विचारा, त्याची जाहिरात फारशी करत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर शंभरवाल्या जहाजावर आठवड्याच्या ट्रिपला तिघा-चौघांच्या केबिनमधला एक बेड साधारण चार-पाच हजार युरोपासून सुरू होतो आणि वर कुठंपर्यंतही जातो. विमानं, ऑस्लोची रात्र, व्हिसा, इन्शुरन्स वेगळे. वर्ष-दीड वर्ष आधी बुक केलं तर सूट मिळते, अगदी शेवटच्या दोन महिन्यांतही मिळते, पण भारतीय पासपोर्टवाल्यानं ती शेवटच्या क्षणाची सूट विसरावी, व्हिसाचं गणित जमत नाही. भारतातून पैसे पाठवताना किंवा टूर कंपनीकडून घेताना टीसीएस (आधीच घेतला जाणारा कर) कापला जाऊ शकतो, तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते हे बजेटमध्ये धरा, दर काय चालू आहे ते सीएला विचारा.

व्हिसा: इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. हे खरं आहे आणि हेच वाचून लोक फसतात. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, आणि तिथं जायची विमानं नॉर्वेतून जातात. म्हणजे तुम्ही ऑस्लोला शेंगेनमध्ये शिरता, स्वालबार्डच्या विमानात बसताना शेंगेनमधून बाहेर पडता, परत येताना पुन्हा शिरता. सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर परतताना अडकलात. कमीत कमी डबल एन्ट्री हवा, मल्टिपल असेल तर उत्तम, आणि अर्जाबरोबरच्या पत्रात हे स्पष्ट लिहा की अमुक तारखेला ऑस्लो, अमुक ते अमुक स्वालबार्ड, अमुक तारखेला परत ऑस्लो, सोबत जहाजाचं कन्फर्मेशन. व्हिसा हातात आला की पहिल्यांदा एन्ट्रीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, फोटो नंतर बघा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. प्रौढांची फी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज. एप्रिल-मेमध्ये सगळा भारत युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळत नाही, त्यामुळे जुलैच्या ट्रिपसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद लावा. आणि स्वालबार्डहून ग्रीनलँडकडं जाणारी ट्रिप घेतली असेल तर ग्रीनलँडपण शेंगेनमध्ये नाही, त्याचा वेगळा शेरा व्हिसावर लागतो, हे एजंटला सांगायला विसरू नका कारण बऱ्याच एजंटांनी अशी केस बघितलेलीच नसते.

जाता जाता एक गंमत. स्वालबार्डचा करार १९२० साली झाला, त्यावर सही करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश भारतही होता.

इन्शुरन्स आणि गुडघे

शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचं मेडिकल कव्हर लागतं, पण ते व्हिसासाठी. जहाज कंपनीला इमर्जन्सी इव्हॅक्युएशनचं कव्हर हवं असतं, आणि तुम्हालाही ते हवं असायला पाहिजे. लाँगइयरब्येनला छोटं हॉस्पिटल आहे, गंभीर पेशंटला विमानानं मुख्य भूमीवरच्या ट्रोम्सोला हलवतात. जहाज तेव्हा लाँगइयरब्येनपासून एक दिवसाच्या अंतरावर असेल तर मधला टप्पा हेलिकॉप्टरचा. पॉलिसीत क्रूझ चालतं का, दुर्गम भाग वगळलाय का, साठीपुढच्यांना खर्चावर सब-लिमिट आहे का, हे ओळ न ओळ वाचा. बीपी, शुगर, स्टेंट काय असेल ते जाहीर करा, लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच काढतात.

आपल्याकडं या ट्रिपा रिटायर झाल्यावरच परवडतात, त्यामुळे आईबाबांना पाठवणारे बरेच जण विचारतात की जमेल का. चालायला जमत नसेल तरी हरकत नाही, प्रत्येक लँडिंगला लांब चालणारे, मध्यम आणि निवांत असे गट करतात, निवांतवाले किनाऱ्यावर दोनशे मीटर फिरून परत येतात. खरी परीक्षा वेगळीच आहे: जहाजाच्या बाजूला लावलेली शिडी उतरून हलत्या बोटीत पाय टाकणं, आणि किनाऱ्यावर बोटीच्या फुगीर कडेवरून पाय पलीकडं टाकून पाण्यात उतरणं. हे दिवसातून चार वेळा. घरी डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसून दोन्ही पाय एका बाजूनं दुसऱ्या बाजूला उचलून नेता येतात का बघा, हात न लावता. ते जमलं तर बाकी जमतं.

आणखी एक, कोणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं. किनाऱ्यावर टॉयलेट नाही. झुडूपही नाही. लँडिंग दोन-तीन तासांचं असतं, निघायच्या आधी जाऊन यायचं आणि चहा बेतानं प्यायचा.

बॅग

जुलैत लाँगइयरब्येनचं तापमान तीन ते सात अंशांत असतं, म्हणजे मनालीच्या डिसेंबरसारखं भयंकर काही नाही. पण झोडियाक वेगात निघाली की वारा आणि खारट तुषार दोन्ही अंगावर येतात आणि तेव्हा कपडे बरोबर नसतील तर पाच मिनिटांत दात वाजतात.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू जॅकेट नाहीये, वॉटरप्रूफ पँट आहे. बोटीच्या कडेवर ओल्या रबरावरच बसायचं असतं. ही पँट गमबुटांच्या बाहेरून येईल इतकी ढगळ घ्या, बुटात खोचली तर पाणी सरळ बुटात. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जीन्स आणेल त्यानं ती फक्त जेवणाच्या हॉलमध्ये घालावी, सुती कपडा भिजला की वाळत नाही. हातमोजे दोन जोड एकावर एक, आतला पातळ म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबता येतं. गमबूट जहाजावर मिळणार असतील तर आपला नंबर युरोपियन मापात आणि जाड मोजे धरून कळवा. गॉगल हवाच, पाण्यावरून आणि बर्फावरून उजेड दुप्पट येतो, सनस्क्रीन पण. झोपेसाठी डोळ्यांची पट्टी, कारण रात्री दोन वाजता भर ऊन असतं आणि केबिनचा पडदा पुरत नाही.

दुर्बीण प्रत्येकी एक. नवरा-बायकोत एक असा हिशोब करू नका, अस्वल दिसलं की भांडण ठरलेलं. ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ पुष्कळ झाली. कॅमेऱ्याला ४०० एमएमपर्यंत लेन्स असेल तर बरं, जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात शरीराजवळ ठेवा, थंडीत भराभर उतरतात. सगळं एका ड्राय बॅगमध्ये. ड्रोन घरी ठेवा, संरक्षित भागात बंदी आहे.

खायचं काही नेणार असाल तर नॉर्वेत युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, म्हणजे तूप-पेढे नकोत. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाकरवडी, खाकरा चालतं. जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं, फॉर्मवर लिहा आणि चढल्यावर पहिल्या संध्याकाळी हॉटेल मॅनेजरला भेटून पुन्हा सांगा. अंडं चालतं का, मासे चालत नाहीत, कांदा-लसूण काय, हे तिथल्या तिथं. नुसतं व्हेज लिहिलं की पाच दिवस पास्ता येतो.

एक जोड थर्मल, मोजे, औषधं, व्हिसाची कॉपी हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेली बॅग ऑस्लोला राहिली तर ती जहाजाच्या मागून येणार नाही.

लाँगइयरब्येन: एक दिवस आधी पोचा

भारतातून दुबई किंवा दोहामार्गे ऑस्लो, तिथं रात्र, मग साधारण तीन तासांचं विमान. काही विमानं ट्रोम्सोला थांबतात. जहाज सुटायच्या किमान आदल्या दिवशी गावात पोचा, धुकं आलं की विमान उतरत नाही आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. विमानतळाबाहेर गावात जाणारी बस उभी असते.

गाव छोटं आहे, अर्ध्या दिवसात चालून होतं. म्युझियम मात्र बघा, पुढं किनाऱ्यावर दिसणाऱ्या मोडक्या झोपड्या आणि हाडं कशाची हे तिथंच कळतं. म्युझियममध्ये आणि बऱ्याच हॉटेलात बूट दाराशी काढायचे, कोळशाच्या खाणींच्या दिवसांपासूनची पद्धत आहे, आपल्याला काही जड जात नाही. गावाच्या हद्दीवर अस्वलाची पाटी आहे, तिथं फोटो काढा आणि परत फिरा. पाटीपलीकडं बंदूक असलेल्या माणसाशिवाय जात नाहीत.

जहाजावर

चढल्यावर पहिली गोष्ट सेफ्टी ड्रिल. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी. मग झोडियाकचं ब्रीफिंग, अस्वलाचं ब्रीफिंग, आणि मग बायोसिक्युरिटी, म्हणजे बाहेरचं बी-बियाणं बेटावर जाऊ नये याची काळजी: तुमचे बाहेरचे कपडे, बॅगा, ट्रायपॉड सगळं घेऊन या आणि व्हॅक्युम क्लीनरनं खिसे, वेल्क्रो, शिवणी साफ करा. सह्याद्रीत घातलेले ट्रेकिंगचे बूट किंवा सॅक नेणार असाल तर घरीच ब्रशनं घासून न्या, वेल्क्रोत अडकलेलं कुसळ काढायला तासभर जातो आणि मागं रांग लागते.

ब्रोशरमधला कार्यक्रम नुसता अंदाज असतो. रोज रात्री एक्सपिडिशन लीडर उद्याचा प्लॅन सांगतो, सकाळी स्पीकरवर उठवतो आणि त्याच वेळी बऱ्याचदा प्लॅन बदललेला असतो. वारा फिरला, फ्योर्डमध्ये बर्फ भरला, उतरायच्या जागी अस्वल बसलंय, काहीही. यावर वाद घालणारे एक-दोन प्रवासी प्रत्येक जहाजावर असतात, त्यांच्या टेबलावर बसू नका.

आता झोडियाक. शिडीच्या खालच्या पायरीवर दोन्ही हात मोकळे ठेवून उभं राहायचं, कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत. खाली बोटीत उभा असलेला माणूस हात पुढं करतो, पण त्याचा पंजा धरायचा नाही, एकमेकांचा हात मनगटाच्या वर धरायचा, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. बोट वर-खाली होत असते. तो म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा, लाट वर आली की, आधी बोटीच्या कडेवर, मग आतल्या पायरीवर, मग तळावर, आणि लगेच बसून सरकत जायचं. उडी नाही. उतरताना कडेवर बसल्या बसल्या पाय मागच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या दिशेनं फिरवून बाहेर टाकायचे आणि घोटाभर पाण्यात उभं राहायचं. चालू बोटीत उभं राहायचं नाही, फोटोसाठी राहायचं असेल तर ड्रायव्हरला विचारून, एका वेळी एकानं.

आणि एकदा तरी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, बहुतेक तो स्वतःच करतो, ग्लेशियरसमोर तुकडे तरंगत असतात तिथं. लीफ्डेफ्योर्डमध्ये मोनॅको ग्लेशियरपुढं असं थांबलात की आधी काहीच ऐकू येत नाही, मग सगळीकडून बारीक तडतड ऐकू यायला लागते. बर्फात शेकडो वर्षं दाबून राहिलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते. मध्येच लांब कुठंतरी तोफ उडाल्यासारखा आवाज, पण तोवर कडा कोसळून गेलेला असतो, कारण आवाज नंतर पोचतो. म्हणून आवाजाकडं बघत बसू नका, कड्याकडं बघत बसा. कोसळलेल्या तुकड्यानं लाट उठते, त्यामुळे बोट बरीच लांब ठेवतात, आणि ग्लेशियरजवळच्या किनाऱ्यावर उभे असाल तर गाईड म्हणेल तेव्हा पाण्यापासून वर सरकायचं, सेल्फी राहिला तरी.

किनाऱ्यावर काय असतं आणि काय करायचं नाही

कुठं उतरवतील सांगता येत नाही पण पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावरच्या ट्रिपांत काही नावं वारंवार येतात. मॅग्डालेनाफ्योर्डमध्ये ग्राव्हनेसेटला सतराव्या-अठराव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्यांच्या शंभराहून जास्त कबरी आहेत. व्हेलची चरबी उकळून तेल काढायला हे लोक उन्हाळ्यात इथं येत. वायव्य टोकाला स्मीरेनबर्ग हा डच लोकांचा असाच तळ. प्रिन्स कार्ल्स फोरलँडला वॉलरसचा कळप वाळूवर पडलेला असतो, दिसायच्या आधी वास येतो. आणि हिनलोपेन मिळालं तर आल्केफ्येलेट, शंभर मीटर उंच काळा उभा कडा आणि त्याच्या फटीफटीत गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या, खालून झोडियाक जाते तेव्हा टोपी घाला आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा.

काहीही उचलायचं नाही. १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण इथं कायद्यानं संरक्षित आहे, गंजलेला खिळाही. फुलं, दगड, रेनडियरचं गळालेलं शिंग, काही नाही. किनाऱ्यावर पांढरे पडलेले ओंडके दिसतील आणि बेटावर तर एक झाड नाही, ते सायबेरियातल्या नद्यांतून समुद्रात येऊन बर्फाबरोबर वाहत आलेले असतात, अनेक वर्षांचा प्रवास करून.

गाईड पुढं एक, मागं एक, खांद्यावर रायफल आणि कमरेला फ्लेअर गन. गटाच्या पुढं जायचं नाही, मागं रेंगाळायचं नाही. ते तुमच्या आधी उतरून आसपासच्या टेकड्या तपासतात, आणि अस्वल दिसलं तर लँडिंग रद्द, सगळे परत बोटीत.

स्वालबार्डमध्ये माणसांपेक्षा अस्वलं जास्त हे वाक्य सगळ्या रील्समध्ये असतं. तीन हजारांच्या आसपासचा तो आकडा पूर्ण बॅरेंट्स समुद्राच्या भागाचा आहे, रशियाकडचा धरून. बेटांवर कायम राहणारी साधारण तीनशे. म्हणजे दिसेलच याची गॅरंटी कोणी देत असेल तर तो विक्रेता आहे. शिवाय अंतराचा नियम आहे: १ मार्च ते ३० जून किमान ५०० मीटर, बाकी वर्षभर ३०० मीटर. मोबाइलमध्ये तो एक पिवळसर ठिपका येतो. जो पिवळसर ठिपका दुर्बिणीतून पंधरा मिनिटं शांत बसून बघू शकतो त्याची ट्रिप वसूल, बाकीच्यांची होत नाही.

न्यू-ओलेसुंदला थांबणार असाल तर तयारी करा. ७८ अंश ५५ मिनिटांवरचं हे संशोधकांचं गाव आहे. भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून इथं आहे, चालवतं गोव्याच्या वास्कोमधली एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथं हिवाळ्यातही आपले लोक राहायला लागले. आत जाता येत नाही, बाहेरून बघायचं. गावाच्या वीस किलोमीटर परिघात वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवावं लागतं कारण तिथल्या अँटेना अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल मोजतात, स्मार्ट वॉच आणि ब्लूटूथवाली कानाची मशीनसुद्धा यात येतात, ज्येष्ठांनी गाईडला आधी विचारून ठेवा. रस्ता सोडून चालायचं नाही. गावाच्या कडेला १९२६ साली अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले ज्या एअरशिपमधून ध्रुवावरून गेले तिला बांधायचा खांब अजून उभा आहे. तिकडं जाताना आर्क्टिक टर्न पक्षी डोक्यावर झेप घेतात, अंडी-पिल्लं रस्त्याकडेलाच असतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर उभी धरा, ते सगळ्यात उंच टोकाला चोच मारतात.

बोट लागणं, फोन, पैसे

फ्योर्डमध्ये पाणी तळ्यासारखं असतं, पण बाहेरच्या पश्चिम किनाऱ्यावरून रात्री जाताना हलतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागणार असं धरून चाला. ॲव्होमिन असो की दुसरं काही, डॉक्टरांना विचारून न्या आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या, सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवू नका, क्षितिजाकडं बघा, खालच्या मधल्या भागात कमी हलतं.

फोन जहाजावर पूर्ण वेळ फ्लाइट मोडवर. काही जहाजांचं सॅटेलाइट मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि ते आपल्या रोमिंग पॅकमध्ये नसतं, बिल नंतर कळतं. वायफाय घ्यायचं असेल तर जहाजाचं घ्या. घरच्यांना सांगून ठेवा की चार दिवस मेसेज आला नाही तर घाबरू नका.

जहाजावरचा खर्च केबिनच्या खात्यावर लागतो, शेवटी कार्डनं भरायचा. टिप सगळ्यांची मिळून एकत्र देतात, माणशी दिवसाला दहा युरोच्या आसपास धरा.

शेवटच्या रात्री बिल चुकतं करायचं, बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या आणि पासपोर्ट परत मिळाला का बघायचं, कारण बऱ्याच जहाजांवर तो चढतानाच रिसेप्शनला जमा करून घेतात. सकाळी लाँगइयरब्येनला उतरवतात, विमान मात्र दुपारी किंवा रात्री असतं, मधल्या वेळात बॅगा कुठं ठेवायच्या ते कंपनीला आधीच विचारा. आणि ऑस्लोहून भारताचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका. स्वालबार्डहून आल्यावर ऑस्लोला पुन्हा इमिग्रेशनची रांग असते, वेगळ्या तिकिटावर असाल तर बॅगा घेऊन परत चेक-इन करावं लागतं, आणि धुक्यानं सकाळचं विमान संध्याकाळी निघालं तर पुढचं तिकीट बुडतं.